खिडकीजवळची खाट

मी घोंगडी बोलतेय. दौंडच्या एका ज्येष्ठ निवासातल्या लोखंडी खाटेवरून बोलतेय. इथं गादी आहे, पांढरी चादर आहे, वर पंखा आहे, म्हणजे माझं इथं तसं काही काम नाही. येणारा-जाणारा मला बोट लावून पाहतो आणि म्हणतो, "किती टोचते हो ही!" टोचते बाबा. माझा जन्मच तसा आहे, आणि आज जे सांगणार आहे तेही टोचणारच आहे.

शिक्रापूरच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत गेलं की धनगरांची एक वस्ती लागते. तिथल्या म्हस्कूकडे मेंढरं होती, तेव्हाची मी. मेंढरं कातरली, लोकर पिंजली आणि म्हस्कूच्या बायकोनं, गिताबाईनं, तिचं सूत काढलं. मांडीवर लेकरू आणि समोर चरखा. मग सणगरानं मला मागावर विणलं, चिंचोक्याची खळ दिली, आणि मी अशी ताठ झाले की भिंतीला लावली तर उभी राहीन. सणगराचं नाव सगळ्यांनी घेतलं. सूत कुणी काढलं, हे कुणी विचारलं नाही.

उमेदीच्या काळात मी बसून खाल्लं नाही. पावसात गिताबाईच्या डोक्यावर माझी खोळ असायची. नुकती जन्मलेली कोकरं माझ्यात गुंडाळली जायची. त्यांचा एकुलता एक मुलगा शंभू माझ्यावरच रांगायला शिकला. पुढं मेंढरं गेली, शेती आली, शेताच्या कडेनं कंपन्या आल्या. शंभू कंपनीत लागला, रुपालीशी त्याचं लग्न झालं आणि दोघं शिक्रापुरात तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. दोघांच्याही शिफ्ट. वस्तीवरच्या घरात म्हातारा-म्हातारी राहिली, आणि मी.

माझा खरा मान मात्र वेगळाच होता. आमच्या लोकांत भांडण मिटवायचं असो की शब्द द्यायचा असो, घोंगडी अंथरतात आणि मधोमध बिरदेवाचा भंडारा, म्हणजे देवापुढची हळद, ठेवतात. घोंगडीवर बसून ज्यानं भंडारा उचलला, त्यानं शब्द मोडायचा नाही. बांधाची भांडणं, तुटायला आलेल्या सोयरिकी, किती काय काय माझ्यावर मिटलं! म्हस्कू त्यात सगळ्यांच्या पुढं असायचा. बायका दाराआड उभ्या राहून ऐकायच्या.

गिताबाईची धाकटी बहीण चांगुणा. तिचा नवरा रेल्वेत होता. तो गेल्यावर ती दौंडच्या ह्या निवासात राहायला आली. गिताबाई बहिणीला भेटायला म्हणून इथं आली, थोडे दिवस राहिली आणि घरी परतली ती दुसरीच बाई होऊन. भाकरी थापता थापता सांगत सुटली.

"अवो, सकाळी कपभर च्या हातात आणून देत्यात. आपण खाटंवर, आन् च्या आपल्याकडं चालत येतो! म्या इचारलं, ह्यो कुणाचा? तर ती पोरगी म्हणती, तुमचाच हाय आज्जी."

म्हस्कू ओसरीवरून म्हणाला, "मंग? हितं च्या मिळत न्हाई व्हय?"

"मिळतो की. म्या केला की मिळतो."

म्हस्कूनं तंबाखू मळायला घेतली. पण गिताबाई थांबायला तयार नव्हती. "चांगुणाच्या शेजारची खोली मोकळी हाय. दोघांची. म्या तर खिडकीजवळची खाट सांगून बी ठिवलीय. डागदर येतो. भजनाला बायका जमत्यात. माझं गुडघं आता चुलीपुढं बसू देत न्हाईत, अवो."

"आश्रमात जायचं? पोरगा जित्ता हाय आपला! भावकी तोंडात श्यान घालंल."

"भावकी येती का भाकरी थापाया?" गिताबाई म्हणाली. इतकं उलट बोलताना मी तिला आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं.

सुट्टीला शंभू आला. त्यानं आईची बाजू घेतली. "आबा, आई म्हणती तर ऱ्हाऊन बघा की. घर काय पळून चाललंय का? न्हाई जमलं तर या माघारी."

म्हस्कूला घर सोडायची भीती वाटत होती, हे मला ठाऊक होतं. ओसरीवरची त्याची जागा, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा रामराम, एवढंच त्याचं जग उरलं होतं. पण भीती वाटते म्हणायची लाज वाटली, म्हणून त्यानं देवाला मधे आणलं. दुपारी चुलतभावाला, रखमाजीला, बोलावून घेतलं, मला ओसरीवर अंथरलं आणि घरात हाक दिली, "ये गं. तू बी बस."

गिताबाई आली. पदर सावरून माझ्या कडेला, अगदी दशांवर बसली. तिनं सूत काढलेल्या घोंगडीवर तिला निवाड्याला पहिल्यांदाच बसवलं होतं, आणि तेही तिचं तोंड बंद करायला. मला त्या दिवशी म्हस्कूचा इतका राग आला की जमेल तेवढी टोचले त्याला. त्याला काय, सवय होती.

म्हस्कूनं भंडारा उचलला. "बिरदेवाची आण घेऊन सांगतो, आमी दोघं ह्या घरातनं हालणार न्हाई. आमचं काय व्हायचं ते हितंच."

"आबा, आईला तरी इचारा," शंभू म्हणाला.

"इचारायचं काय त्यात? तिचं आन् माझं येगळं हाय का?" असं म्हणून म्हस्कूनं तिच्या तळहातावर चिमूटभर भंडारा ठेवला.

गिताबाई त्या पिवळ्या चिमटीकडे पाहत राहिली. रखमाजी पाहत होता, म्हस्कू पाहत होता. देवाचा भंडारा, खाली टाकता येतो का? तिनं तो कपाळाला लावला. रखमाजी म्हणाला, "झालं! वयनीचं बी तेच म्हणणं हाय."

सगळे उठल्यावर तिनं मला अंगणात नेऊन काठीनं झोडपलं. तसं तिनं मला कधीच झोडपलं नव्हतं. मग शंभूला म्हणाली, "चांगुणाला फोन लाव. खोली दुसऱ्या कुणाला देऊ द्या म्हणावं."

त्यानंतर दौंडचं नाव तिनं काढलं नाही. पाणी तापवायची, भाकरी थापायची, त्याचे पाय चेपायची आणि उठताना भिंत धरायची. शंभूनं कामाला एक बाई लावली. म्हस्कूला दुसरीच्या हातची भाजी गोड लागेना. बाई गेली. रुपाली सुट्टीला यायची, दोन दिवसांचं करून ठेवायची, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गिताबाई चुलीपुढं.

एका सकाळी तव्यावर भाकरी होती आणि तिचा वास ओसरीपर्यंत आला.

"अगं, भाकरी करपली!" म्हस्कू ओरडला. उठला नाही. मी त्याच्या बुडाखालीच होते. "काय बहिरी झाली का काय? करपली म्हणतोय न्हवं!"

पुन्हा एकदा ओरडला. धूर दारातून बाहेर आला, तेव्हा कुठं उठला. गिताबाई भिंतीला टेकून बसली होती. हाताला पीठ तसंच होतं. ती कधीच गेली होती.

म्हस्कू रडला. खोटं रडला नाही, तेवढं मी कबूल करीन. दिवस झाल्यावर शंभू त्याला शिक्रापूरला घेऊन गेला. तिसऱ्या मजल्यावर ना ओसरी, ना रामराम घालायला माणूस. मुलगा झोपून उठेपर्यंत सून कामाला निघालेली असायची. खाली दिवसभर ट्रकांची रीघ. थोड्याच दिवसांत म्हस्कू स्वतःच म्हणाला, "शंभू, ते दौंडचं बघ की."

शंभू म्हणाला, "आबा, भंडारा उचललाय तुमी."

त्यावरही तोड निघाली. वस्तीवर जाऊन मला पुन्हा अंथरलं. रखमाजीनं गळा खाकरून निवाडा दिला, "आण दोघांची व्हती. 'आमी दोघं' म्हणला व्हता म्हस्कू. आता एकच ऱ्हायला. आण सुटली." म्हस्कूनं देवाची माफी मागितली, नवा भंडारा कपाळाला लावला आणि मोकळा झाला. जी आण गिताबाईला जन्मभर पुरली, ती त्याची पाच मिनिटांत सुटली. शंभू उंबऱ्यावर तोंड फिरवून बसला होता.

अशी मी म्हस्कूबरोबर दौंडला आले. चांगुणाच्या शेजारच्या त्याच खोलीत. एका खाटेवर भिमाजी नावाचे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. मोकळी होती ती खिडकीजवळची. म्हस्कू तिच्यावर बसला, मला पायथ्याशी टाकलं, आणि सकाळी त्याच्या हातात चहा आला.

महिनाभरात गडी रमला. गुटगुटीत झाला. परवा चहा पिता पिता भिमाजींना सांगत होता, "लई बेस हाय बघा हितं. पर आमची मंडळी न्हाई रमली असती. तिचा जीव घरात. म्या लई म्हणलं, चल जाऊ. ती काय उंबरा सोडाया तयार न्हवती."

चांगुणा दारात उभी होती. ती आत आली. भांडली नाही, आवाजही चढवला नाही.

"दाजी," ती म्हणाली, "तुमी बसलाय ती खाट माझ्या भैनीनं सांगून ठिवली व्हती. म्या हितल्या सायबाला सांगून तिच्यासाठी राखून ठिवली व्हती. तुमास्नी तिनं सांगितलं व्हतं."

म्हस्कूनं कप खाली ठेवला. खिडकीबाहेर गाडी जात होती, तिकडे बघत राहिला. भिमाजींनी पेपर तोंडापुढं धरला.

चांगुणानं पायथ्याची मी उचलली. "ही तिच्या हातच्या सुताची. ही म्या नेते." म्हस्कूनं पाय आवरून घेतले.

म्हणून मी आता चांगुणाच्या खाटेवरून बोलतेय. तिला टोचते, तरी ती मला अंगावर घेते. भिंतीपलीकडून रोज सकाळी "आबा, चहा!" अशी हाक ऐकू येते आणि कपबशी वाजते.

माझं आता किती राहिलं आहे! दशा सुटल्या, एका कोपऱ्याला कसर लागली. जाता जाता एकच मागते. मला अंथरा, पांघरा, वाटलं तर पोतेरं करा. पण कुणी घरात राहायचं आणि कुणी कुठं जायचं हे ठरवायला बसाल, तेव्हा जिच्या हातचं खाता तिला आधी विचारा, आणि ती बोलेपर्यंत भंडाऱ्याला हात लावू नका.