मोनिकाच्या कमरेला बांधलेला टायर

मित्रांनो, न्हावऱ्याहून मळ्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर म्हस्कूचं घर आहे. त्या घरी कधी आलात, तर शेळ्यांच्या गोठ्याला टेकून ठेवलेला एक झिजलेला टायर तुम्हाला दिसेल. तो मी. माझ्या अंगावरची नक्षी कधीच पुसली गेली आहे आणि एका बाजूला मला मोठी चीर पडली आहे. माझ्याकडे आता कुणी बघत नाही, आणि बघावं असं माझ्यात काही उरलेलंही नाही. पण या घरातल्या मुलीची गोष्ट मला ठाऊक आहे. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

एका मोठ्या कारखान्यात तापलेल्या साच्यातून मी बाहेर पडलो, तेव्हा काळाकुळकुळीत होतो. गावातले बागायतदार मारुतराव यांच्या ट्रॅक्टरला पुढच्या डाव्या चाकावर मला बसवलं. तो ट्रॅक्टर म्हस्कू चालवायचा. म्हस्कूच्या वडिलांची मेंढरं होती, पण त्याच्या वाट्याला ट्रॅक्टरचं स्टिअरिंग आलं. रोज सकाळी तो माझ्यावर पान्याचा एक ठोका मारून हवा बघायचा आणि मगच गाडी चालू करायचा. उसाच्या ट्रॉल्या ओढत आम्ही भीमेच्या पुलावरून पलीकडे जायचो. राहू गावच्या शिवारात गुऱ्हाळाच्या धुराचा गोड वास यायचा. एकदा वरवंडला हायवेवर माझ्यात खिळा घुसला, तेव्हा पंक्चर निघेपर्यंत म्हस्कू माझ्याजवळच उकिडवा बसून राहिला होता. ते माझे चांगले दिवस होते.

पुढे मी गुळगुळीत झालो. मारुतरावांनी नवा टायर आणला आणि म्हस्कू मला घरी घेऊन आला. बरेच दिवस मी अंगणात नुसता पडून होतो. माझ्यात पावसाचं पाणी साचायचं, त्यात डास व्हायचे. आरोग्य केंद्रातल्या बाई येऊन सांगून गेल्या, तेव्हा म्हस्कूची बायको बानूबाई हिनं मला ओतून रिकामा केला आणि माझ्या पोकळीत शेळ्यांसाठी घास टाकायला सुरुवात केली. आपलं आयुष्य आता असंच जाणार, असं मला वाटलं.

पण त्या घरात मोनिका होती. म्हस्कूची एकुलती एक मुलगी. शिरूरच्या कॉलेजात जायची आणि सकाळी कालव्याच्या भरावावर पळायची. गावात विक्रमसरांची भरतीची अकॅडमी होती. पोलीस भरतीसाठी मुलं तिथं तयारी करायची. सर स्वतः पूर्वी लांब पल्ल्याचे धावपटू होते. मोनिकाचं पळणं पाहून त्यांनी तिला डोंगरातल्या शर्यतीला नेलं. डांबरी रस्ता नसलेली, दगडधोंड्यांतून, कड्याकपाऱ्यांतून जाणारी ती शर्यत. मोनिका तिथून मागे पडून आली.

सर घरी आले तेव्हा अंगणात बसून ती म्हणाली, "सर, सपाटीला मी सगळ्यांच्या म्होरं व्हते. चढ लागला आन् मांड्या पेटल्या नुसत्या."

सरांनी आजूबाजूला पाहिलं. आमच्याकडे डोंगर कुठला? जिकडे बघावं तिकडे ऊस नाहीतर कांद्याची रानं. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"डोंगर न्हाई ना हितं? मग डोंगर कमरेला बांधू," ते म्हणाले.

त्या दिवशी शेळ्यांचा घास जमिनीवर आला आणि माझ्याभोवती दोर आला. दोराचं दुसरं टोक मोनिकाच्या कमरेच्या पट्ट्याला. ती वाकून पुढे रेटायची आणि मी मातीत फरफटत मागून जायचो. पहिल्या दिवशी तिनं मला विजेच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत ओढलं आणि ती धापा टाकत माझ्यावरच बसली. मग हसली. मित्रांनो, टाकून दिलेल्या वस्तूला पुन्हा काम मिळालं की काय वाटतं, ते मी कसं सांगू?

ते पहिलं वर्ष फार छान गेलं. मोनिका मला ओढायची, मग मोकळी पळायची, आणि एखादा दिवस नुसती झोपून काढायची. घरी आली की बाजरीच्या भाकरीवर दूध, शेंगदाणे, कोंबडीनं घातलेली अंडी, समोर येईल ते खायची. दोराला हिसका बसायचा नाही. ती सावकाश, एकसारखं ओढायची. पाऊल पडताना जमिनीत रोवल्यासारखं पडायचं.

पुढच्या हिवाळ्यात त्याच डोंगरातल्या शर्यतीत ती मुलींमध्ये पहिली आली. न्हावऱ्याच्या चौकात तिचा फ्लेक्स लागला. मारुतरावांनी तिला शाल दिली. म्हस्कू दोन दिवस तो फ्लेक्स बघायला उगाचच चौकात जात होता. बानूबाई म्हणाली, "आवं, घरात खरी पोर हाय की. तिच्याकडं बघा." पण तो पुन्हा गेला.

याच दिवसांत सर एकदा बोलून गेले. त्यांनी मोठ्या शर्यतींतले धावपटू जवळून पाहिले होते. "मोनिका, ती पोरं बघ कशी काटकुळी हायेत. चढावर आपलं वजन आपल्यालाच न्यावं लागतं. थोडं उतरव." थोडं म्हणजे किती, ते सरांनी सांगितलं नाही आणि मोनिकानं विचारलं नाही. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना त्यांच्या काळात जे शिकवलं होतं तेच त्यांनी हिला शिकवलं.

अकॅडमीत वजनकाटा आला. मोनिकानं आधी भात सोडला. मग दूध. मग रात्रीची भाकरी. आणि खरं सांगतो, सुरुवातीला ती वाऱ्यासारखी पळू लागली. एक शर्यत जिंकली, दुसरी जिंकली. अंगणात येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "आता दिसतीयस खरी खेळाडू!" ते ऐकून ती उरलेली अर्धी भाकरीही शेळीला घालायची.

मग दोर बदलला. म्हणजे दोर तोच होता, पण तिचं ओढणं बदललं. एकसारखं ओढणं गेलं आणि हिसके आले. दोन हिसके, मग थांबणं. पट्टा आवळून आवळून शेवटच्या भोकापर्यंत आला, तेव्हा तिनं खिळ्यानं नवीन भोक पाडलं. उन्हातसुद्धा ती हात चोळत बसायची. केस विंचरताना केसांचे पुंजके अंगणात उडायचे. बोललं की चिडायची. सकाळी पहिली काही पावलं ती लंगडत टाकायची आणि अंग गरम झालं की लंगडणं जायचं. कुणी विचारलं तर म्हणायची, "झोपेत आवघडलंय."

एका दुपारी बानूबाई गोठा झाडत होती. मोनिका माझ्यावर बसली होती. बानूबाईनं झाडू खाली ठेवला.

"मोने, कवापासनं पाळी आली न्हाई तुला?"

मोनिका माझ्या कडेला चिकटलेली माती नखानं खरवडू लागली.

"मी कपडे धुती. मला कळतंय. दिवाळी झाली, संक्रात झाली. कुणी काय केलंय का तुला? आय हाय मी तुझी, सांग."

मोनिकानं आईकडे पाहिलं. आधी ती हसली आणि मग रडायलाच लागली. "आये, मी जाती कुठं? कालव्यावर आन् घरी. तू असं कसं इचारतीस मला?"

दुसऱ्या दिवशी दोघी एसटीनं शिरूरला डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. परत आल्या तेव्हा म्हस्कू अंगणात बसला होता. बानूबाईनं डोक्यावरचा पदरसुद्धा सावरला नाही. त्याच्यासमोर मटकन बसली.

"डाक्टरीणबाई म्हनली, पोर उपाशी हाय," ती म्हणाली. "शेळ्या दूध देत्यात, कणगीत बाजरी हाय, आन् माझी पोर उपाशी हाय. अंगात जीव ऱ्हायला न्हाई म्हणून पाळी थांबली. हाडं पोकळ व्हत्यात म्हनली. पळायचं बंद करून पोटभर खाऊ घाला म्हनली."

म्हस्कूनं मोनिकाकडे पाहिलं. महिन्याभरावर राज्याच्या संघाची निवड होती. मोनिका म्हणाली, "आप्पा, सरांना सांगू नका. ते नाव काढून टाकत्याल. एवढी निवड हू द्या. मग मी खाईन, तुमची शपथ."

म्हस्कू बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिला. मग बायकोला म्हणाला, "एवढं हू दे तिचं. एक महिनाच हाय."

बानूबाई उठून आत गेली. त्या संध्याकाळी तिनं ताट वाढून मोनिकासमोर ठेवलं आणि मोनिकानं ते बाजूला सारलं, एवढं मला दारातून दिसलं.

सरांनाही लंगडणं दिसलंच होतं. त्यांनी एकदा विचारलं, "जांघेत दुखतंय का?" ती "न्हाई सर" म्हणाली आणि सर मोटारसायकलकडे वळले. न्हाई हेच उत्तर त्यांनाही हवं होतं, असं मला वाटतं.

चैत्रातली सकाळ होती. कालव्याला पाणी सुटलं होतं. मोनिकानं मला बांधलं, वाकली, आणि निघाली. सर मोटारसायकलवरून हळूहळू मागून येत होते. काही खांब मागे गेले. एका ठिकाणी माझी कड दगडाला अडली. तिनं जोर लावला. मी सुटलो, आणि त्याच वेळी वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. दोर एकदम सैल पडला.

ती पडली ती उठलीच नाही. ओरडलीसुद्धा नाही. हातानं पट्ट्याचं बक्कल शोधत होती, ते तिला सापडत नव्हतं. सर गाडी टाकून पळत आले.

"सर," ती म्हणाली, "माझा पाय माझा न्हाईच असं वाटतंय."

सरांनी पट्टा सोडला. थोड्या वेळानं कुणाची तरी जीप आली आणि तिला घेऊन गेली. मी दोरासकट भरावावर पडून राहिलो. दुपारी कुत्री येऊन माझा वास घेऊन गेली. बऱ्याच दिवसांनी म्हस्कू आला, त्यानं मला खांद्यावर टाकलं आणि घरी आणून गोठ्याच्या भिंतीवर असं आदळलं, की ही चीर तेव्हाच पडली.

तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करून त्यात स्क्रू बसवले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, या वीस वर्षांच्या मुलीची हाडं म्हातारीसारखी झाली आहेत. चालता येईल. डोंगर चढता येणार नाही.

एक दिवस विक्रमसर घरी आले. बानूबाईनं त्यांना पाण्याचा तांब्या दिला. ते पाणी पिईपर्यंत ती थांबली आणि मग म्हणाली, "सर, शेळीला चारा न घालता दूध काढतो का वो आपण? तुम्ही शिकलेलं हाय. आमाला कळलं न्हाई, तुमाला तर कळायला पाहिजे व्हतं."

सर मान खाली घालून बसले. "मामी, डॉक्टरांनी सांगितलेलं मला तवाच सांगितलं असतं तर..."

"मी सांगणार व्हते," बानूबाई म्हणाली आणि तिनं म्हस्कूकडे पाहिलं. म्हस्कू उठून रानात निघून गेला. तेव्हापासून त्या घरात नवरा-बायको कामापुरतंच बोलतात. सरांच्या अकॅडमीत वजनकाटा अजून आहे की काढून टाकला, ते मला माहीत नाही. सर पुन्हा आले नाहीत.

मोनिका आता खाते. पाळीही येऊ लागली आहे. शिरूरला एका दुकानात हिशेबाचं काम करते आणि एसटीनं येते-जाते. तिची पावलं मी आवाजावरून ओळखतो. एक जोरात पडतं, एक घासत येतं.

परवा एक करडू दावं सोडून पळालं. थेट शेजारच्या कांद्याच्या रोपात. मोनिका अंगणात होती. तिनं ते पाहिलं आणि जुन्या सवयीनं पळाली. दोन पावलं तिची पहिल्यासारखी पडली, मी पाहिली. तिसरं पडलं नाही. ती गोठ्याची भिंत धरून उभी राहिली. घरातून बानूबाई आली, लेकीकडे न बघता तिच्या बाजूनं चालत गेली आणि करडू काखेत मारून परत आली. मोनिका तशीच, भिंतीला धरून, कालव्याच्या दिशेनं बघत होती.

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांना पळायला आवडत असेल. पळा, खूप पळा, डोंगर चढा. पण मी रबराचा आहे, मला भूक लागत नाही, तुम्हाला लागते. भूक लागली की जेवा. दुखलं तर दुखतं म्हणा, आणि तुमच्या शेजारचा कुणी लंगडत असेल तर त्याचं "न्हाई" ऐकून पुढे जाऊ नका. मी झिजलो तेव्हा मारुतरावांनी दुसरा टायर आणला. मोनिकासाठी दुसरा पाय आणायला कुठे जायचं?