एर्नार गप्प बसला तेव्हा

अरे थांब ना, आत्ता काय झालं ते ऐक आधी. मी कीबोर्ड बोलतोय, बिश्केकमधल्या लोकरीच्या सपातांच्या दुकानातला.

माझं बालपण गेम खेळणाऱ्या पोरांच्या अड्ड्यावर गेलं. नुसते बुक्के खाल्ले. मग बेगायमकडे आलो. तिला दिसत नाही. माझ्या दोन बटणांवरचे बारीक उंचवटे चाचपल्याशिवाय ती कामाला लागत नाही. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता रे.

पण कौतुक कुणाचं? एर्नारचं. म्हणजे कॉम्प्युटरमधला तो आवाज, पडद्यावरचं तिला वाचून दाखवणारा. नावही तिनंच ठेवलंय. राबतो मी, आणि मला साधं नाव नाही.

आज ऑर्डरींचं काम पहिल्यांदाच तिच्या एकटीवर होतं. मालकीण जाझगुल, तिला सगळे एजे, म्हणजे ताई, म्हणतात, सकाळीच बजावून गेली, "एक जरी ऑर्डर हरवली ना, उद्यापासून माझा भाचा बसेल इथे."

दुपारी एजे गरम बोर्सोक, म्हणजे पिठाचे फुगलेले तुकडे, तळून घेऊन आली. "त्या एर्नारला गप्प कर गं. माझा नवरा जन्मात एवढं बोलला नाही."

"तुम्ही बोलू दिलंत तर ना, एजे," म्हणत बेगायमनं त्याचा आवाज बंद केला. मी आतून जाम खूश.

चहा झाला, एजे आत गेली, आणि ही त्याचा आवाज बंदच ठेवून एका ऑर्डरीच्या मेलला उत्तर टाइप करायला लागली. उत्तराचा चौकोन उघडलाच नव्हता. अशा वेळी माझं एकेक अक्षर म्हणजे हुकूम असतो. एकानं खालच्या ओळीवर उडी, दुसऱ्यानं ऑर्डर गायब. एर्नार असता तर लगेच बोलला असता. मला तोंड कुठंय?

शेवटी, माझंच बटण दाबून, तिनं त्याला जागं केलं.

"यादी रिकामी," एर्नार म्हणाला.

"बेगायम, लग्नाची ऑर्डर निघाली का गं?" आतून एजे.

"बघतेय, एजे."

आता एकच उपाय होता, केलेलं मागे घेण्याचं बटण. आणि नेमका त्याच्याखाली बोर्सोकचा कण अडकलेला. मी नुसतं अडून बसलो असतो, तर बेगायमबरोबर एर्नारचीही सुट्टी. भाच्याला डोळे आहेत, त्याला हा बडबड्या कशाला हवा?

पण तिनं पुन्हा माझे ते दोन उंचवटे चाचपले रे. सगळा जोर लावून खाली गेलो, कण चिरडला. एकेक ऑर्डर परत आली, आणि एर्नार ऐटीत गिऱ्हाइकांची नावं वाचत बसला.

"एर्नार, तू नसतास तर मेलेच असते मी," ती म्हणाली. त्याला.

चुरा अजून टोचतोय मला. तू माझ्या जागी असतास, तर दबला असतास का? खरं सांग.