दादासाहेब कुठे गेले?

मी भूषणच्या घरातला टीव्ही. बोलणं हा माझा धंदाच आहे, पण आजवर बोललो ते दुसऱ्यांचं. आज जरा स्वतःचं बोलतो.

मी कुठे जन्मलो ते माझ्या पाठीवर छापलेलं आहे. पाठ भिंतीला टेकलेली असल्यामुळे मला ते कधी वाचता आलं नाही. मला समज आली ती जळगावच्या एका दुकानात. आम्ही सगळे रांगेत उभे राहून एकच गाणं म्हणत होतो. लोटनआबा आले, सगळ्यांसमोरून एक चक्कर मारली आणि माझ्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा द्या. चेहऱ्यावरून सालस वाटतो."

आबांनी साक्रीकडची शेती धाकट्या भावाला, झुलालनानांना, कसायला दिली होती आणि पाइपच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या मुलाकडे, म्हणजे भूषणकडे, ते राहायला आले होते. मला रिक्षात मांडीवर धरून आणलं त्यांनी, पण घरी आल्यावर माझा ताबा गेला तो त्यांच्या बायकोकडे, झुंबरबाईंकडे.

झुंबरबाई मालिका बघायच्या म्हणजे माझ्याशी भांडायच्या, तेही अस्सल अहिराणीत. मालिकेतलं पोर वर्षभरात शाळेत जाऊ लागलं, की झालं सुरू. "गयी दिवायीले लगीन व्हयनं, नि पोऱ्या शायमा जाई ऱ्हायना!"

"खत चांगलं पडनं व्हई," आबा पेपरातून मान वर न काढता म्हणायचे.

एकदा मालिकेतल्या सुनेला अपघात झाला. चेहऱ्यावरच्या पट्ट्या सोडल्या तर आतून भलतीच बाई निघाली. "आई, आधीची नटी काम सोडून गेली, म्हणून बदलली," भूषणच्या बायकोनं, सारिकानं, समजावलं. झुंबरबाईंना वेगळीच काळजी. "नवराले तरी समजनं का?"

अशी मजा चालली होती. मग एका दुपारी आबा जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

दारावर येणाऱ्यांची रीघ लागली. गंधमुक्ती, म्हणजे सुतक संपवणारा विधी, होईपर्यंत टीव्ही लावायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. माझी वायर काढून ठेवली होती. माझ्या काळ्या काचेत भिंतीला टेकून बसलेल्या झुंबरबाई तेवढ्या दिसायच्या.

कार्य आटोपल्यावर सासूचं मन रमावं म्हणून सारिकानं मला सुरू केलं. आणि तिथेच घोळ झाला. मधल्या दिवसांत मालिकेतले सासरे, दादासाहेब, गायब झाले होते. टेबलाजवळ त्यांची खुर्चीसुद्धा नव्हती. घरचे सगळे हसत जेवत होते.

"दादासाहेब कोठे ग्यात?" झुंबरबाईंनी विचारलं.

"दुसऱ्या च्यानलवर गेला असेल," भूषण म्हणाला.

"आरे, नट गया. पन घरनास्नी बोलाले नको? मरना म्हना, काशीले गया म्हना. नि हाई बायको मस्त श्रीखंड वाढी ऱ्हायनी!"

सारिकानं घाईघाईनं च्यानल बदललं.

तिचाही दोष नव्हता. शेजारच्या सुनंदाबाईंनी बजावलं होतं, "त्यांच्यासमोर आबांचं नाव काढू नका, रडतील." तेव्हापासून आबांचा चष्मा कपाटात गेला, चपला माळ्यावर गेल्या. भूषणच्या तोंडी चुकून "आबा" आलं, की तो खाकरून भाजी कसली आहे ते विचारायचा. झुंबरबाई मात्र रोज मालिका लागली की तोच प्रश्न विचारत राहिल्या. उत्तर ना मालिकेतून आलं, ना घरातून.

एका संध्याकाळी झुलालनाना भेटायला आले. पाणी पिऊन होतं न होतं तोच झुंबरबाई पिशवी भरून बाहेर आल्या. "मी तुमनासंगे गावले येस, भाऊ. आते तठेच ऱ्हासू."

भूषणचा चेहरा उतरला. "आई, इथे काही कमी पडतंय का तुला?"

"कमी काहीच नही रे. तुना बाप कमी शे. नि तुम्ही बठ्ठा अशा वागतस, जसा तो कधी व्हताच नही. ते मालिकावाला पैसा लिसन इसरतस. तुम्ही ते फुकट इसरनात!"

मी साबणाची जाहिरात करत होतो. लाज वाटली.

"विसरलो नाही गं," भूषण हळूच म्हणाला. "तू रडशील म्हणून..."

"मंग रडू दे ना माले."

भूषण खाकरला, पण या वेळी त्यानं भाजी विचारली नाही. "आबा सांगायचे, तुमच्या लग्नात वरातीची बैलगाडी नाल्यात उलटली म्हणून."

"खोटं!" झुलालनाना उसळले. "ट्रॅक्टर व्हतं. मी सोता मडगार्डवर बठेल व्हतू."

"ट्रॅक्टर तुमना लगीनले व्हतं, भाऊ. आमनी वरात पायीच उनी."

"मला तर म्हणाले होते, घोड्यावरून आलो!" सारिका म्हणाली, आणि झुंबरबाई पदरात तोंड खुपसून हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. रडता रडता त्यांनी घोड्याचा रंग विचारला.

मालिकेत एवढी गडबड झाली असती, तर लिहिणाऱ्याची सात पिढ्यांपर्यंत खैर नव्हती. इथे ज्याची त्याची वरात वेगळी निघाली आणि नवरदेव प्रत्येकीत थाटात बसला होता.

तेवढ्यात माझ्यावर मालिकेचं गाणं सुरू झालं. "बंद कर तो डबा," झुंबरबाई म्हणाल्या. नाना दुसऱ्या दिवशी एकटेच गावी गेले.

आता माझ्या पडद्यावर एक उभी रेघ पडली आहे. कधीतरी मोडीत जाईन, त्याची तक्रार नाही. सांगायचं एवढंच, की माझ्यावर जे दिसतं त्यातलं हवं ते शिका, पण गेलेल्या माणसाला नुसतं गाळून पुढचा भाग सुरू करायचं तेवढं शिकू नका. आठवण चुकली तर चुकू द्या, दुरुस्त करायला घरात कुणीतरी असतंच.

नाना आज पुन्हा आलेत. आबांची वरात पुन्हा निघायच्या बेतात आहे. सारिकानं रिमोट उचललाय, मला बंद करायला.

करा, खुशाल करा.