रोट खाल्लेली सून

चौरंग उचलायची वेळ झाली आणि इंदिराबाईंचा उजवा खांदा वर जाईना. शाळेतल्या खिचडीची पातेली उचलून तो कधीचाच कामातून गेला होता. आज त्याने साफ दगा दिला. चौरंगावर नारळाची कानबाई देवी नथ घालून, नटूनथटून बसलेली. दारात वाजंत्री खोळंबलेली. लग्न होऊन आल्यापासून दर श्रावणात इंदिराबाईंनी तिला डोक्यावर घेऊन, नाचत पांझरा नदीवर बोळवलं होतं. घरच्या सुनेनेच न्यायचं, हा त्यांच्याकडचा रिवाज.

थोरले दीर भिकननाना म्हणाले, यंदा हातगाडीवर नेऊ. इंदिराबाईंना ते पटेना. कानबाई म्हणजे काय भाजीची टोपली?

सून होती की घरात. कुंदनने, त्यांच्या लेकाने, बार्सिलोनाजवळच्या गावातली नूरिया करून आणली होती. परवा गहू निवडताना ती तिकडचे सण सांगत होती आणि कुंदन समजावून देत होता. वसंतात एकमेकांना गुलाब आणि पुस्तकं द्यायची, उन्हाळ्यात रात्रभर होळ्या पेटवायच्या. नाताळात ओंडक्याला पांघरूण घालून जेवू घालायचं, मग काठ्यांनी बडवून त्याच्याकडून खाऊ काढायचा.

"लाकूडले जेवाडतस?" हसता हसता इंदिराबाईंची पुरेवाट झाली.

"आपण नारयले नथ घालतस ना माय, तसंच," कुंदन म्हणाला.

तिच्या गावच्या जत्रेत राजाराणीचे दोन माणसांएवढे उंच पुतळे खांद्यावर घेऊन नाचवतात, आणि राणीला नाचवणारी हीच, हे ऐकल्यावर मात्र त्या हसायच्या थांबल्या.

आता त्यांनी नूरियाला पुढे बोलावलं. नाना आडवे आले. परकीच्या डोक्यावर देवी द्यायची नाही, कुळाला बट्टा लागेल, असं चारचौघांत बोलले. नूरियाला शब्द कळले नाहीत, पण पुढे केलेले हात तिने मागे घेतले. ते पाहून इंदिराबाईंना संताप आला. उभ्या जन्मात त्या नानांपुढे मोठ्याने बोलल्या नव्हत्या.

"नाना, रातले तिना ताटमा रोट कोनी वाढा?"

रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद, घरातल्या प्रत्येकाच्या नावाने गहू घेऊन केलेला. तो परक्याच्या तोंडी जाऊ द्यायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि काल पंगतीत नूरियाने "गोड शे" म्हटल्यावर खुलून जाऊन दुसरा तुकडा आग्रहाने वाढणारे नानाच होते.

"तुमनाच हातना रोट खादा तिनी. आते ती परकी कशी व्हई?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नानांनी टोपी सारखी केली आणि वाजंत्र्यांकडे वळून म्हणाले, "वाजाडा ना, काय देखतस?"

इंदिराबाईंनी आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून सुनेच्या डोक्यावर ठेवली. नूरियाने चौरंग तोलला आणि तो जराही न कलू देता गिरकी घेतली. गल्ली क्षणभर बघत राहिली, मग बायकांनी तिच्याभोवती फेर धरला. नाना पुढे होऊन रस्ता मोकळा करत होते. आपण जिंकलो, असं इंदिराबाईंना अगदी आतून वाटलं.

त्या मागून चालत होत्या. डोक्यावर यंदा काही नव्हतं, तरी मान तशीच ताठ होती.