जामुनची कुल्फी आणि लक्ष्मणरावांचा हात

मित्रांनो, मी कुल्फीचा एक जुना साचा आहे. वीतभर लांब, खाली निमुळता, अंगानं स्टीलचा आणि डोक्यावर घट्ट टोपण. पोटाला दोन पोचे आले आहेत, पण गळत मात्र नाही. जबलपूरला कांचघर भागात ज्या घरी मी राहतो, तिथली ही हकीकत आहे. तिच्यात एक कुत्रीही आहे, म्हणून ती तुम्हांला आवडेल असं वाटतं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्रा कापला, गुंडाळला, सांधला, घासून चकचकीत केला, की झालो मी. आम्ही बारा भावंडं भांड्यांच्या दुकानात आलो आणि सुमनबाईंनी आम्हांला घरी आणलं. त्यांचे यजमान लक्ष्मणराव तेव्हा संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर होते. उन्हाळ्यातल्या रविवारी ते सायकलवरून बर्फाची लादी आणत, गोणपाटात गुंडाळून फोडत, आणि माठात बर्फ-मीठ भरून आम्हांला त्यात उभं करत. पोटात आटवलेलं दूध आणि बाहेर तो गारठा! किती हुडहुडी भरायची म्हणून सांगू!

कुल्फी काढायची सुमनबाईंची रीत ठरलेली होती. टोपण काढायचं आणि मला दोन तळव्यांमध्ये धरून रवीसारखं घुसळायचं. तळव्यांच्या उबेनं कुल्फी सुटे आणि अलगद ताटलीत उतरे. लक्ष्मणरावही ते शिकले. त्यांचे तळवे खरखरीत होते, पण फार उबदार. आळीतली माणसं बोटं चाटत आमची तारीफ करायची.

पुढे घरात फ्रिज आला आणि त्यापाठोपाठ विकतच्या आइस्क्रीमचे डबेही. आम्ही पिशवीत बांधले जाऊन माळ्यावर गेलो. सुमनबाई वारल्या तेव्हाही आम्ही माळ्यावरच होतो. खालचं रडणं ऐकू आलं, एवढंच.

त्यानंतर कित्येक वर्षांनी, गेल्या एप्रिल महिन्यात, पिशवीची गाठ सुटली. सून सुखदा आम्हांला गरम पाण्यानं घासत होती आणि तिच्या पायाशी एक काळीभोर, म्हातारी कुत्री धापा टाकत पडली होती. ही जामुन. तीन दिवस तिनं पोळीला तोंड लावलं नव्हतं. सुखदा तिला ऑटोत घालून राइट टाउनच्या डॉक्टरांकडे नेऊन आली होती. "बीमारी कुछ नहीं, गर्मी है और उमर है," डॉक्टर म्हणाले होते. "ठंडा दही-केला जमाकर दो. शक्कर नहीं. और अंगूर-किशमिश तो भूलकर भी नहीं."

मग सुखदानं केळं कुस्करलं, त्यात ताजं दही आणि उकडलेला लाल भोपळा घालून सारखं केलं आणि आमच्यात भरून फ्रिजरमध्ये ठेवलं. ना साखर, ना मीठ. दुसऱ्या दिवशी दुपारी मधल्या सुट्टीत ती शिकवते त्या शाळेतून घरी आली आणि तिनं मला तळव्यांत घुसळलं. कुल्फी ताटलीत पडली. म्हाताऱ्या दातांना लागू नये म्हणून तिनं ती थोडी मऊ होऊ दिली आणि तुकडे केले. जामुननं हुंगलं, एकदा चाटलं, आणि मग ताटलीच चाटून लख्ख केली. मला जुने रविवार परत आल्यासारखं वाटलं.

पण त्या घरात आणखी एकजण हात आखडून बसला होता. फेब्रुवारीत लक्ष्मणरावांना लकव्याचा झटका आला होता. चालणं सुधारलं, पण उजवा हात जड राहिला. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू त्यांनी कोपऱ्यात टाकला होता आणि जामुननं तो कुरतडून संपवला होता.

"बाबा, नवा चेंडू आणू काय? व्यायाम काहून नाही करून राहिले तुम्ही?" सुखदा विचारायची.

"पोरांचे खेळ आहेत ते. चाळीस वर्षं मशीन चालवली या हातानं," म्हणत ते उजवा हात पंचाखाली झाकून घ्यायचे. जेवण डाव्या हातानं, तेही सगळ्यांचं झाल्यावर.

एका दुपारी सुखदाचा फोन आला. "बाबा, शाळेत मीटिंग चालून राहिली. जामुनला कुल्फी द्याल काय?"

"माझ्याच्यानं होते काय ते, बेटा?" ते म्हणाले, पण फोन बंद झाला होता.

जामुन फ्रिजपाशी जाऊन बसली होती. तिची जीभ बाहेर लोंबत होती. लक्ष्मणराव तिच्याकडे बघत राहिले, मग उठले. डाव्या हातानं मला काढलं, गुडघ्यांत धरून टोपण ओढलं. मला उलटा करून हलवलं, ताटलीवर आपटलं. कुल्फी हलेना. पाण्यात बुडवलं असतं तरी काम झालं असतं, पण त्यांना ते सुचलं नाही. त्यांना माहीत होती ती एकच रीत.

त्यांनी पंचा बाजूला केला. उजव्या हाताची मिटलेली बोटं डाव्या हातानं एकेक करून उघडली आणि मला त्या तळव्यावर ठेवलं. घुसळायला लागले, तोच मी निसटलो. ठण्ण! जामुन दचकून पळाली आणि परत आली. दुसऱ्यांदाही निसटलो. तिसऱ्यांदा गडगडत दारापर्यंत गेलो.

तिथून मला सुखदा दिसली. जाळीच्या दाराबाहेर, डोक्याला ओढणी गुंडाळून, भर उन्हात उभी. मीटिंग सोडून धावत आली असावी. तिचा हात कडीवर होता. लक्ष्मणराव भिंत धरून मला उचलायला वाकले. त्यांचं लक्ष फरशीवर होतं. तिनं कडीवरचा हात काढून घेतला आणि भिंतीआड झाली.

चौथ्यांदा तो तळवा माझ्याभोवती वळला. पुरता नाही, पण वळला. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. कुल्फी सुटली आणि ताटलीत पडली.

"ले जामुन, खा!" ते ओरडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

जामुनचं खाऊन झाल्यावर बाहेरून मोठ्यानं आवाज आला, "बाबा, आली मी! उशीर झाला हो!"

"काही हरकत नाही," लक्ष्मणराव म्हणाले. "उद्यापासून मधल्या सुट्टीत धावत येऊ नको. जामुनचं मी पाहून घेईन."

तेव्हापासून रोज दुपारी मी त्या दोन तळव्यांमध्ये असतो. आता ते शर्टाची वरची दोन बटणं स्वतः लावतात आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसतात.

मित्रांनो, उन्हाळ्यात मुक्या जिवांना गार काही द्या, हे मी सांगणारच. पण आणखी एक मागणं आहे. तुमच्या घरी कुणाचा हात थकला असेल, तर त्याचं सगळं काम हिसकावून घेऊ नका. एखादं त्याच्यासाठी राहू द्या. त्याच्या हातून काही पडलं, तर लगेच धावू नका. दाराबाहेर ऊन असलं तरी थोडं थांबा.