फर्गस टूमीच्या बुटांखालची रेघ

"डोनल आहे का घरात?"

फर्गस टूमी दारात उभा होता. चार वर्षांच्या आमच्या फुटबॉल क्लबचा अध्यक्ष. एरवी चर्चच्या पायरीवर मला ओळखतही नाही. आज टोपी हातात.

"आहे की. पण मैदान आखायला आता तो म्हातारा झाला, असं तुम्हीच म्हणालात ना?" मी हळूच विचारलं. ईस्टरआधीचे चाळीस दिवस चालू होते. चहातली साखर आणि परनिंदा, दोन्ही सोडायचं माझं व्रत. साखरेचं सोपं गेलं.

"घोळ झालाय गं. माझ्या मेव्हण्यानं यंत्रानं रेघा मारल्या, पण गेलिकच्या!"

आम्हा आयरिश लोकांचा जुना गेलिक खेळ फुटबॉलपेक्षा वेगळा, त्याचं मैदान वेगळं. इथे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. मेव्हणा जन्मभर गेलिकचीच मैदानं आखत आलेला. हात तिकडेच वळला.

"बाराला लीगचा माणूस मैदान तपासायला येतोय. नापास केलं तर वरच्या गटात घेणार नाहीत. वर्षभर जिंकलो ते पाण्यात!"

"मग मेव्हण्यालाच बोलवा. यंत्र आहे ना त्याच्याकडे?"

तेवढ्यात डोनल बूट घालूनच बाहेर आला. नवरा माझा असाच. बोलावलं की निघाला. "किती वाजलेत? नऊ? खुंट्या अन् सुतळी दे गं. आणि फर्गस, तो कोट काढून ठेव. चिखल आहे."

डोनलने सुतळी ताणली, चुना ओतला. टूमी गुडघ्यांवर बसून मेव्हण्याच्या रेघांवर चिखल फासत होता. ते दृश्य दाखवल्याबद्दल मी देवाचे मनापासून आभार मानले. ते व्रतात बसतं की नाही, हे पाद्रीबाबांना अजून विचारलेलं नाही.

मैदान पास झालं. क्लब वरच्या गटात गेला.

मे महिन्यात क्लबच्या जेवणात टूमी पाऊण तास बोलला, बहुतेक स्वतःबद्दल. काचेचं मानचिन्ह मेव्हण्याला मिळालं, "आधुनिक यंत्रासाठी". पुढच्या वर्षीही यंत्रच, असं जाहीर झालं. डोनलने मागच्या बाकावर हॅमचं सँडविच संपवलं आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. व्रत तेव्हा संपलेलं होतं.

शुक्रवारच्या पेपरात फोटो आला. मैदानाच्या कडेला अख्खी समिती, पोटं पुढे काढून. डोनल त्यात नव्हताच. त्याने चष्मा पुसला, पेपर खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यांच्या चकचकीत बुटांखाली बोट फिरवलं. पार कडेपर्यंत.

"सरळ आलीय ना गं?"

"सरळ आहे," मी म्हटलं आणि त्याच्या चहात दोन चमचे साखर घातली.