अंगणात काही वाजत नाही

कारखाना बंद पडला तेव्हा जावई बायकोला घेऊन सासऱ्यांकडे राहायला आला, तो दोन-चार महिन्यांच्या बोलीवर. त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. सासरे कधी टाकून बोलत नसत. उलट चहाचा पहिला कप त्याच्याच हातात देत, आणि नेमका तोच त्याच्या घशाखाली उतरत नसे.

अखेर परगावी लिफ्ट दुरुस्तीचं काम मिळायची चिन्हं दिसली. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. त्यानं चाचरत विषय काढला, तर सासरे म्हणाले, जा की, अडवतंय कोण? तेवढं यंत्र चालू करून जा म्हणजे झालं.

यंत्र म्हणजे मेटल डिटेक्टर. सासऱ्यांच्या वडिलांची शेवटच्या आजारात वाचा गेली, आणि त्यांनी अंगणाकडे बोट दाखवत प्राण सोडला. तिथं काहीतरी पुरलंय हे सासऱ्यांच्या डोक्यात तेव्हापासून घट्ट बसलेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुठूनसं हे जुनं यंत्र पैदा केलं. ते उचललं रे उचललं की बोंबलायला लागायचं.

जावयानं ते खोलीत नेऊन उघडलं. बॅटरीच्या कप्प्यात हिरवा थर चढला होता, तो पॉलिश पेपरनं घासून काढला. तरी बोंब चालूच. बऱ्याच वेळानं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. टेबल लोखंडी, पलंग लोखंडी, खिडकीला गज, फरशीखाली सळ्या. या घरात त्या बिचाऱ्याला गप्प बसायला जागाच नव्हती. मग त्यानं अंगणात लाकडी स्टूल मांडलं.

तिथंही ते मधूनच किंचाळायचं. म्हणजे खरा बिघाड वेगळा होता. खालच्या तबकडीतून वरच्या डब्यात जाणारी वायर मीटरला जोडून तो बोटाबोटानं वाकवत गेला. तबकडीपाशी काटा थरथरला. वायर वरून धडधाकट, आतली तार तुटलेली. त्यानं तेवढा तुकडा कापला, सोल्डरनं नवा जोड दिला, वर टेप गुंडाळली. मातीत घराची किल्ली पुरून बघितली. यंत्र नेमकं तिच्यावरच वाजलं, एरवी गप्प.

त्याला एकदम हलकं वाटलं. बायकोला म्हणाला, बॅगा भरायला घे.

सासऱ्यांनी अख्खं अंगण पिंजून काढलं. यंत्रानं ब्र काढला नाही.

"अजून बिघाड आहे," ते म्हणाले.

त्यानं किल्लीवर वाजवून दाखवलं. सासऱ्यांनी ते शांतपणे बघितलं.

"किल्लीला वाजतं. खोलातल्याला वाजत नाही."

त्यानं यंत्र पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. दुरुस्त करण्यासारखं आत काही उरलंच नव्हतं. रविवारी दुपारी त्यानं कात्री तबकडीच्या वायरीला लावली. एकदा कायमचं निकामी झालं, की कटकट मिटली. पण जोड त्याच्याच हातचा होता. कात्री काही दाबवेना. तो उठून तडक सासऱ्यांसमोर गेला.

"बाबा, यंत्र ठणठणीत आहे. अंगणात काही नाही."

सासरे मातीकडे बघतच म्हणाले, "मग माझ्या वडिलांनी बोट कशाला दाखवलं?"

सासऱ्यांनी त्या संध्याकाळी ताटाला हात लावला नाही. बायकोनं खोलीचं दार लोटलं आणि भरलेली बॅग रिकामी करायला घेतली.

"बाबांना असं टाकून माझ्यानं निघवणार नाही," ती म्हणाली. "तुला जायचं तर जा."

एकट्यानं जायला त्याचं पाऊल उचललं नाही. त्यानं थोडी मुदत मागितली. दुसऱ्याला घेतल्याचं तिकडून चार दिवसांत कळलं.

पुढच्या आठवड्यात सासरे तांब्याच्या तारेचं बंडल घेऊन आले. मोठी तबकडी केली तर खोलातलं कळेल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. जावयानं वाद घातला नाही. निमूटपणे वेढे मारत बसला. नवी तबकडी चांगलीच जड झाली, म्हणून यंत्र त्यालाच धरावं लागलं. सासरे मागून चालत होते.

अर्धं अंगण झालं आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण श्वास रोखून धरलाय. आता वाजेल, मग वाजेल, म्हणून आपणच कान देऊन चाललोय.

"जरा डावीकडे घ्या," सासरे मागून म्हणाले.

त्यानं यंत्र डावीकडे घेतलं.